कलम लावण्याआधी पावसाचे दिवस मोजा



पावसाळा सुरू झाला की गावोगाव खड्डे पडतात, कलमांचे टेम्पो येतात आणि रानारानात आंबा, चिंच, सीताफळ, आवळा लागतो. पुढल्या उन्हाळ्यात त्याच रानातून जावे, तर कितीतरी खड्ड्यांत वाळलेल्या काड्या उभ्या असतात. मग आपण म्हणतो, "रोपच खराब होतं", नाहीतर "आमच्या रानाला आंबा मानवत नाही." कधी ते खरेही असते. पण बहुतेक ठिकाणी कारण वेगळे असते. झाड वाळते वैशाखात, मात्र त्याचे बिघडलेले असते लावण्याच्या दिवशीच. म्हणून आज मी तुमच्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. कलम कोणत्या दिवसांत लावावे, म्हणजे ते पहिला उन्हाळा पार करील?

आधी माझीच एक चूक सांगतो. मी बी.एस्सी. होऊन नोकरीला लागलो, त्याला दोनच वर्षे झाली होती. माझ्याकडच्या एका गावात एका शेतकऱ्याने एकरभर माळरानावर केशर आंब्याची चाळीस कलमे लावायचे ठरवले. खड्डे उन्हाळ्यातच घेतलेले होते. पण कलमे मिळायला उशीर झाला आणि दिवाळी तोंडावर आली. त्याने मला विचारले, "साहेब, आता लावू का पुढच्या वर्षी लावू?" जमिनीत ओल होती, हवा थंड होती, कलमे हिरवीगार होती. मी म्हणालो, "लावून टाका."

मार्गशीर्षात मी जाऊन पाहिले, तर सगळी कलमे हिरवी. मला बरे वाटले. शिमग्यानंतर गेलो, तर पाने कडेने करपू लागली होती. माणूस बिचारा बैलगाडीवर पिंप ठेवून पाणी घालत होता. मेअखेर चाळीसातली नऊ कलमे उरली. त्याची आई बांधावर बसली होती. ती म्हणाली, "बाळा, आम्ही पाण्याला कमी केलं नाही रे." मला उत्तर देता आले नाही.

मग आम्ही एक मेलेले कलम उकरून काढले. मुळाकडे पाहिले आणि सगळा उलगडा झाला. लावून सात महिने झाले होते, तरी मुळे पिशवीच्याच आकारात गोल बसलेली होती. बाहेरच्या मातीत एकही जाड मूळ गेलेले नव्हते. म्हणजे कलम एक मीटर खोल खड्ड्यात असूनही राहत होते पिशवीतच. वरून ऊन लागायचे, पाणी घातले की ते आजूबाजूला मुरून जायचे, आणि मुळाच्या हुंडीला चार दिवसांत कोरड पडायची.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. कलम जगते ते मुळावर. पाने हिरवी दिसतात म्हणून कलम लागले असे समजू नये. पिशवीतल्या मातीच्या हुंडीतून मुळे बाहेर पडून आपल्या रानाच्या मातीत शिरली, म्हणजे कलम लागले.

मुळाला काय लागते?

पिशवीतून काढून खड्ड्यात लावताना कलमाची काही बारीक मुळे तुटतातच. पाणी शोषण्याचे काम हीच मुळे करतात. इकडे पानांतून पाणी उडतच असते. आवक कमी आणि खर्च चालू, अशी कलमाची त्या दिवसांत अवस्था असते. तेव्हा त्याला दोन गोष्टी हव्यात. पहिली, हवा दमट आणि आभाळ ढगाळ असावे, म्हणजे पानांचा खर्च कमी होतो. दुसरी, माती ओली आणि उबदार असावी, म्हणजे नवी मुळे लवकर फुटतात. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकत्र मिळतात त्या पावसाळ्यात. दिवाळीनंतर ओल झपाट्याने उतरते, हवा कोरडी होते आणि रात्री थंड पडतात. आंबा हे उष्ण हवेतले झाड. थंडीत त्याची वाढ मंदावते. त्या दिवसांत लावलेले कलम मरत नाही, पण पायही रोवत नाही. तसेच ते फाल्गुनापर्यंत थांबते आणि मग ऊन त्याला गाठते.

एका तरुण शेतकऱ्याने मला विचारले होते, "साहेब, परदेशात तर पावसाळ्याची वाट बघत नाहीत. नाताळात घरात उभी करतात त्या सूचिपर्णी झाडांची रोपं तिकडे हिवाळ्याच्या आधी लावतात म्हणे. मग आपण दिवाळीत लावलं तर काय बिघडलं?" प्रश्न चांगला आहे. थंड देशांत ही झाडे पुष्कळ ठिकाणी वसंतात लावतात आणि काही ठिकाणी हिवाळ्याआधीच्या शरदात लावतात. शरदात लावण्याचे कारण असे, की त्या वेळी रोपाची वरची वाढ थांबलेली असते, पण जमिनीत उन्हाळ्याची ऊब उरलेली असते. त्या उबेत मुळे थोडीफार पसरतात. पुढे हिवाळ्यात हिम आणि पाऊस पडून जमीन ओली होते, आणि उन्हाळा येईतो रोपाने जमीन धरलेली असते. तिथेही फार उशीर झाला तर चालत नाही. मुळे बसण्याआधी जमीन गोठू लागली, तर गोठून फुगणारी माती रोपाला वर उचलून टाकते.

म्हणजे नियम तिकडचा आणि इकडचा एकच आहे. कठीण दिवस येण्यापूर्वी मुळाला जमीन धरायला वेळ मिळाला पाहिजे. फरक ऋतूंच्या क्रमात आहे. त्यांच्या शरदानंतर ओल येते. आपल्या शरदानंतर सात-आठ महिने कोरडे जातात. म्हणून त्यांची तारीख आपण उचलायची नाही, त्यांचा हिशोब उचलायचा.

आपला हिशोब

हिशोब असा करा. आपल्या भागात परतीचा पाऊस कधी संपतो ते धरा. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांतून पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघून जातो, म्हणजे हस्त संपून चित्रा लागते तेव्हा. तिथून मागे दिवस मोजा. आर्द्रा लागताना, २२ जूनच्या सुमारास कलम लावले, तर त्याला साडेतीन महिन्यांहून अधिक ओलीचे दिवस मिळतात. आश्लेषात, ऑगस्टच्या आरंभी लावले, तर दोन महिने मिळतात. पूर्वा लागताना, ३० ऑगस्टला लावले, तर जेमतेम चाळीस दिवस. आणि स्वातीत लावले, तर एकही दिवस नाही. मी त्या शेतकऱ्याला स्वातीत लावायला सांगितले होते.

कोरडवाहू रानासाठी मी आता असा ठोकताळा धरतो, की पुढे ओलीचे निदान दोन महिने असतील तरच कलम लावावे. आता प्रदेशाप्रमाणे पाहू.

पर्जन्यछायेचा दुष्काळी पट्टा घ्या. सोलापूर, अहिल्यानगर, सातारा-सांगलीचा पूर्व भाग, बीडचा काही भाग. इथे वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, आणि तोही सारखा पडत नाही. जूनमध्ये थोडा पडतो, मध्ये मोठी उघडीप देतो आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा चांगला येतो. इथे एक-दोन चांगले पाऊस होऊन खड्ड्यातली भर खालपर्यंत भिजली, की लगेच लावावे. मात्र मृगाचा एक शिडकावा झाला म्हणून घाई करू नये. मूठभर माती हातभर खोलून काढावी आणि दाबावी. गोळा झाला तर ओल आहे. जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत मात्र कलमाला हाताने पाणी द्यावे लागेल, हे धरूनच चालावे. पावसाळा आहे म्हणून पाण्याची गरज नाही, असे समजून या दिवसांत पुष्कळ कलमे जातात.

मध्यम पावसाच्या भागात, म्हणजे मराठवाड्याचा बराच भाग, खानदेश आणि पश्चिम विदर्भ इथे, आर्द्रा ते पुष्य, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ उत्तम. काळ्या भारी जमिनीत मात्र खड्डा पाण्याने भरून राहतो. तिथे उंचवटा करूनच कलम लावावे.

कोकणाची आणि घाटमाथ्याची गोष्ट वेगळी. तिथे पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पडतो. ऐन जुलैच्या झडीत कलम लावले, तर पाणी साचून मुळे कुजतात. तिथे एकतर पहिल्या पावसांबरोबर लावून घ्यावे, नाहीतर जोर ओसरल्यावर, मघा-पूर्वाच्या सुमारास लावावे. उशिरा लावले तर पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची सोय जास्त चोख हवी, कारण कातळावरची जमीन लवकर तापते.

ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे आणि ठिबकच्या नळ्या खड्ड्यापर्यंत गेल्या आहेत, त्याने सप्टेंबरमध्ये लावले तरी चालते. पण "पाणी आहे" म्हणताना श्रावणातली विहीर पाहू नका. वैशाखात विहीर किती भरते, ते पाहून बोला.

कलमे उशिरा आली तर?

बंधूंनो, हे अनेकदा होते. पैसे भरलेले असतात, खड्डे तयार असतात आणि कलमे हाती येतात पाऊस सरल्यावर. अशा वेळी खड्डा मोकळा बघवत नाही म्हणून कलम लावू नये. ती सगळी कलमे विहिरीजवळ किंवा घराजवळ एका ठिकाणी, विरळ सावलीत ओळीने मांडून ठेवावीत. लहान पिशवीत मुळे गोल फिरू लागतात, म्हणून ती मोठ्या पिशवीत पोयटा माती आणि कुजलेले शेणखत भरून हलवावीत. हलवताना हुंडी फुटू द्यायची नाही. चाळीस कलमे अंगणात जगवायला रोज दोन-चार घागरी पाणी लागते. तीच चाळीस कलमे एकरभर माळावर जगवायची, तर पाण्यामागे गाडीच जुंपावी लागते. पुढल्या आर्द्रात ती रानात न्यावीत. एक वर्ष वाया गेले असे वाटते, पण वाया जात नाही. दिवाळीत लावलेले कलम मेले, तर पुढल्या पावसाळ्यात नवे विकत आणून त्याच जागी लावावेच लागते.

माझ्याकडे त्या शेतकऱ्याने विचारले, तेव्हा मी हेच उत्तर द्यायला हवे होते.

खड्डा आणि भरणी

आंब्यासाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा एप्रिल-मेमध्ये घ्यावा. वरची निम्मी माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकावी. दोन-तीन आठवडे खड्डा उन्हात तापू द्यावा. मग तळाशी वाळलेला पालापाचोळा टाकून त्यावर वरची चांगली माती, चार-पाच घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो निंबोळी पेंड मिसळून भरावे. शेणखत कच्चे असले तर वाळवीला आमंत्रण. पूर्वी वाळवीसाठी खड्ड्यात बी.एच.सी.ची भुकटी टाकत असत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. घरात कुठे जुना डबा पडून असेल, तर तो वापरू नका.

खड्डा जमिनीच्या वर वीतभर उंच भरावा. पावसाने माती दबते आणि भर खाली बसते. आधीच सपाट भरला, तर पुढे तिथे खळगा होतो, पाणी साचते आणि कलमाचा सांधा मातीत जातो.

लागण जुन्या पद्धतीने दहा-दहा मीटरवर केली, तर एकरी चाळीस कलमे बसतात. पाच-पाच मीटरवर दाट लागण केली, तर एकरी एकशे साठ. दाट लागणीत उत्पन्न लवकर सुरू होते, पण पाणी आणि छाटणी दोन्ही चोख लागते.

कलम पारखून घ्या

कलम सरकारी, विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. कलम निदान एक वर्षाचे, दीड-दोन फूट उंच, सरळ वाढलेले असावे. सांधा एकजीव झालेला असावा. सांध्यापाशी हलकेच वाकवून पाहावे, तिथे भेग दिसली तर घेऊ नये. नुकतीच तांबूस कोवळी पालवी फुटलेले कलम लगेच रानात लावू नये. ती पालवी पक्की होऊन हिरवी झाली, की मग लावावे. कलमे आणताना टेम्पोवर ताडपत्री किंवा ओले पोते टाकावे, कारण वाऱ्याने पाने सुकतात. आणल्यावर आठ-दहा दिवस झाडाच्या सावलीत ठेवून पाणी द्यावे, म्हणजे त्यांना आपल्या हवेची सवय होते.

लावण्याची रीत

लावण ढगाळ दिवशी किंवा दुपारी चारनंतर करावी. भरलेल्या खड्ड्याच्या मध्यावर हुंडीपुरती जागा करावी. पिशवी धारदार पात्याने उभी कापून काढावी. पिशवीसकट कलम लावणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. हुंडीच्या तळाशी मुळे वेटोळे घालून बसली असतील, तर तेवढे वेटोळे कापून टाकावे. हुंडी पिशवीत जेवढी खोल होती, तेवढीच मातीत ठेवावी. सांधा जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. चारी बाजूंनी माती पायाने दाबावी, म्हणजे मुळाभोवती पोकळी राहत नाही. हुंडीवर मात्र पाय देऊ नये. सांध्यावर प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ती सोडावी, नाहीतर पुढे खोडाला काच बसतो. वाऱ्याच्या बाजूला काठी रोवून सुतळीने सैल बांधावे. पाऊस पडत असला तरी लावल्यावर एक कळशी पाणी घालावे. त्या पाण्याने माती मुळाला चिकटते.

सांध्याच्या खालून फूट आली की ती लहान असतानाच खुडावी. ती गावरान खुंटाची असते, आणि वाढू दिली तर वरचे कलम मरून खाली रायवळ आंबा उरतो. पहिली तीन वर्षे मोहर आला तर तोही खुडावा.

महिनाभराने पाहणी करून नांग्या भराव्यात. मेलेल्या कलमाची जागा श्रावण सरण्याच्या आत भरली, तर नव्या कलमालाही दिवस मिळतात. त्यासाठी शंभरामागे दहा कलमे जास्तीची आणून ठेवावीत.

पाण्याएवढीच कलमे लावा

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशोब. खड्डे मोजण्याआधी पाणी मोजा. मेमध्ये आपल्या कोरड्या भागात उघड्या पाण्याची वाफ दिवसाला दहा मिलिमीटरहून जास्त होते. त्या दिवसांत पहिल्या वर्षाच्या कलमाला मडक्यातून आठवड्यातून दोनदा, दर वेळी दहा लिटर पाणी, हा अगदी जीव जगवण्यापुरता हिशोब आहे.

चाळीस कलमांना एका वेळी चारशे लिटर लागते, म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपे. आठवड्याला चार पिंपे. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत अठरा आठवडे धरले, तर चौदा हजार चारशे लिटर. एकशे साठ कलमे असतील, तर आठवड्याला सोळा पिंपे. एवढे पाणी कुठून आणणार आणि कोण आणणार, हे घरात सगळ्यांनी बसून ठरवावे. बहुधा ते पाणी घरातल्या बायाच वाहतात. म्हणून भगिनींना विचारल्याशिवाय कलमांचा आकडा ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वीस जगवण्याएवढे पाणी असेल तर वीसच लावावीत. पुढल्या वर्षी आणखी वीस लावता येतात.

पाणी उघडे ओतण्यापेक्षा मडक्याने द्यावे. आठ-दहा लिटरचे, चांगले पाझरणारे मातीचे मडके घ्यावे. तळाला बारीक छिद्र पाडून त्यात चिंधीची वात घट्ट बसवावी. कलमापासून हातभर अंतरावर मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. माती सुकते तसे मडके झिरपते. त्या ओलीकडे मुळे आपणहून जातात. कलम लावतानाच मडके पुरून ठेवले, तर नंतर खोदताना मुळे तुटत नाहीत.

उत्तरा-हस्ताचा पाऊस जमिनीत असतानाच आळ्यातले तण काढून, माती भुसभुशीत करून वर आच्छादन घालावे. वाळलेले गवत, उसाचे पाचट, सोयाबीनचा भुसा, जे असेल ते वीतभर जाड पसरावे. खोडापासून मात्र चार बोटे दूर ठेवावे. ओल असताना घातलेले आच्छादन ओल राखते. माती वाळल्यावर घातले, तर राखायला काही उरलेले नसते. उताराच्या रानात कलमाच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा मातीचा बांध घालावा, म्हणजे शेवटच्या पावसाचे पाणी तिथेच मुरते.

माघापासून कलमाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला तुराट्यांची किंवा कडब्याची ताटी उभी करावी. पूर्वेकडून सकाळचे कोवळे ऊन येऊ द्यावे. जूनमध्ये कलमाच्या नैऋत्येला हातभर अंतर सोडून तुरीच्या चार बिया टोकल्या, तरी वाऱ्याचा आडोसा होतो. तुरीच्या शेंगा काढून झाडे तशीच उभी ठेवावीत. भोवती बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांचे कुंपण करावे. शेळीने एकदा शेंडा खाल्ला की वर्ष गेलेच.

जागेवर कलम

ज्याच्याकडे पाणी फारच कमी आहे, त्याच्यासाठी आणखी एक वाट आहे. तयार कलम न आणता खड्ड्यातच रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी लावाव्यात. कोय जास्त दिवस ठेवली की उगवत नाही, म्हणून आंबा खाल्ल्यावर दोन-तीन आठवड्यांत लावावी. पाण्यात टाकून जी तरंगेल ती काढून टाकावी. खड्ड्यात तीन-चार कोयी लावून जोमदार रोप ठेवावे. या रोपाचे सोटमूळ कधी पिशवीत अडकत नाही, ते सरळ खाली जाते. पुढल्या पावसाळ्यात कोवळ्या फुटीवर केशरची काडी बांधून जागेवरच कलम करून घ्यावे. बोरीला असेच जागेवर डोळा भरतात. यात वर्षभर थांबावे लागते, पण झाड काटक होते. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत किंवा तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात याची माहिती मिळते. कलम बांधायला जाणकार माणूस हवा, एवढे लक्षात ठेवा.

१९९० साली आपल्या राज्यात रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड सुरू झाली आणि माळरानावर झाडे उभी राहू लागली. अनुदान हातभार लावते. पण झाडाचा खड्डा कागदावर भरत नाही, आणि मेलेल्या कलमाला फळ लागत नाही. लागणीच्या दिवशी किती लावली, हा आकडा सांगायला सोपा असतो. पुढल्या मृगाला किती उभी आहेत, तो आकडा खरा.

आता त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पुढच्या वर्षी मी त्याच्या बांधावर स्वतः गेलो आणि चूक माझी होती असे त्याला सांगितले. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, आता कसं करायचं ते बोला." आम्ही विहिरीचे पाणी मोजले. वीस कलमांपुरतेच पाणी निघाले. मेलेल्यांच्या जागी आर्द्रा नक्षत्रात वीसच कलमे लावली. लावतानाच शेजारी मडकी पुरली, हस्त सरण्याआधी पाचट पसरले. पुढच्या मेअखेर वीसातली अठरा हिरवी होती. एक उकरून पाहायची माझी इच्छा होती, पण त्याच्या आईने हात लावू दिला नाही. "जगलंय ना, मग कशाला खोदतोस?" म्हणाली. तिचेच बरोबर होते.

थोडक्यात, एवढे लक्षात ठेवा.

१. परतीच्या पावसापासून मागे दिवस मोजा. पुढे ओलीचे दोन महिने नसतील, तर कोरडवाहू रानात कलम लावू नका.

२. एका शिडकाव्यावर लावू नका. खड्ड्याची भर खालपर्यंत भिजू द्या.

३. कोकणात ऐन झडीत लावू नका. आरंभी लावा किंवा जोर ओसरल्यावर लावा.

४. कलमे उशिरा आली, तर मोठ्या पिशवीत घराजवळ सांभाळून पुढल्या पावसाळ्यात लावा.

५. पिशवी काढा, मुळांचे वेटोळे कापा, सांधा जमिनीच्या वर ठेवा.

६. ओल असतानाच आच्छादन घाला. मडके लावतानाच पुरा.

७. वैशाखातले पाणी मोजा आणि तेवढीच कलमे लावा.

तुमच्या रानात गेल्या वर्षी लावलेल्या कलमांपैकी किती जगली आणि ती कोणत्या नक्षत्रात लावली होती, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. मेलेल्यांचीही संख्या लिहा, संकोच करू नका. मी माझी सांगितली आहे. तुमच्या अनुभवातून दुसऱ्या कोणाची कलमे वाचतील.